राजा अमानुल्ला, सात किलोमीटरची रेल्वे आणि शंभर वर्षं

अफगाणिस्तान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? खांद्यावर बंदूक टाकलेली माणसं, निळा बुरखा, उजाड डोंगर आणि टीव्ही रूममध्ये मॅच चालू असेल तर राशिद खानची गुगली! थोडं मागे गेलं तर आजी-आजोबांच्या बोलण्यात येणारं पठाणी व्याज आणि सुका मेवा विकणारा काबुलीवाला. बस्स, आपली माहिती इथेच संपते.

पण याच देशात शंभर वर्षांपूर्वी एक तरुण राजा होऊन गेला. त्याने मुलींसाठी शाळा काढल्या, गुलामगिरी बंद केली, देशाला पहिली राज्यघटना दिली आणि काबूलमध्ये चक्क रेल्वे सुरू केली. त्याचं नाव अमानुल्ला खान. त्याचं राज्य जेमतेम दहा वर्षं टिकलं. आज अफगाण लोक जे भोगतायत, त्या नाटकाचा पहिला अंक म्हणजे या माणसाचं आयुष्य, असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

अमानुल्लाचा जन्म १ जून १८९२ चा, काबूलजवळच्या पगमान या थंड हवेच्या गावातला. वडील अमीर हबीबुल्ला हे अफगाणिस्तानचे राजे. अमानुल्ला हा त्यांचा तिसरा मुलगा, त्यामुळे गादी मिळण्याची शक्यता तशी कमीच. तेव्हाचा अफगाणिस्तान नावाला स्वतंत्र होता, पण परराष्ट्र धोरण मात्र पूर्णपणे इंग्रजांच्या हातात. कोणाशी मैत्री करायची, कोणाशी बोलायचं हे दिल्ली आणि लंडन ठरवणार. त्याच्या बदल्यात इंग्रज अमीराला दरवर्षी १८ लाख रुपये द्यायचे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हबीबुल्ला यांनी १९०३ मध्ये काबूलला हबीबिया नावाची आधुनिक शाळा सुरू केली. तिथे शिकवायला भारतातून शिक्षक गेले होते. जबल-उस-सिराज इथे जलविद्युत केंद्र उभारायला त्यांनी एक अमेरिकन इंजिनिअर आणला. रेल्वे नाही, धड रस्ता नाही, तरी सगळी अवजड मशिनरी खैबर खिंडीतून वर नेली. कल्पना करा काय प्रोजेक्ट असेल तो!

पण अमानुल्लावर खरा प्रभाव पडला तो महमूद तर्झी या माणसाचा. तर्झीच्या कुटुंबाला देशाबाहेर काढलं होतं आणि ते बरीच वर्षं दमास्कसला राहिले होते. परत आल्यावर तर्झीने १९११ मध्ये सिराज-उल-अखबार हे वर्तमानपत्र सुरू केलं. आपण मागे का राहिलो, हा प्रश्न तो अंकामागून अंक विचारत राहिला. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्याने फारसीत आणल्या, म्हणजे पाणबुडी आणि जगप्रवास काबूलच्या वाचकांना प्रथम भेटले ते तर्झीमुळे! त्याची मुलगी सोराया. दमास्कसमध्ये जन्मलेली, शिकलेली. १९१३ मध्ये अमानुल्लाचं तिच्याशी लग्न झालं.

फेब्रुवारी १९१९ मध्ये शिकारीला गेलेल्या हबीबुल्ला यांचा रात्री तंबूत गोळी घालून खून झाला. तिकडे जलालाबादला काकाने स्वतःला राजा जाहीर केलं. पण अमानुल्ला तेव्हा काबूलचा कारभार पाहत होता. खजिना आणि फौज दोन्ही त्याच्या ताब्यात. त्याने पहिलं काम काय केलं असेल? सैनिकांचा पगार वाढवला. काही दिवसांत काकाने माघार घेतली आणि २६ वर्षांचा अमानुल्ला राजा झाला. म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलांपेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठा.

गादीवर येताच त्याने देश पूर्ण स्वतंत्र असल्याचं जाहीर केलं आणि मे १९१९ मध्ये इंग्रजांशी युद्ध सुरू झालं. जालियनवाला बाग होऊन महिनाही झाला नव्हता. पहिल्या महायुद्धाने इंग्रज थकले होते, तरी त्यांच्याकडे विमानं होती. २४ मे रोजी एका मोठ्या हँडली पेज विमानाने काबूलवर बॉम्ब टाकले. आकाशातून बॉम्ब पडतात हे काबूलच्या लोकांनी पहिल्यांदा पाहिलं, आणि दुर्दैवाने ते शेवटचं नव्हतं. जूनच्या सुरुवातीला युद्ध थांबलं, ऑगस्टमध्ये रावळपिंडीला तह झाला आणि अफगाणिस्तानला आपलं परराष्ट्र धोरण मिळालं. १९ ऑगस्ट हा तिथला स्वातंत्र्यदिन. आपल्यापेक्षा २८ वर्षं आधी!

पण स्वातंत्र्यासोबत एक गोष्ट गेली. ते वर्षाचे १८ लाख रुपये बंद झाले. आता देश चालवायचा तर पैसा घरातूनच काढायला हवा. अमानुल्लाने शेतसारा धान्याऐवजी रोख घ्यायला सुरुवात केली आणि करही वाढवले. डोंगरातल्या शेतकऱ्याकडे गहू असतो, मेंढ्या असतात, रोख कुठून असणार? म्हणजे सुधारणांचं बिल पहिल्या दिवसापासून गरिबाच्या नावाने फाटत होतं. हे पुस्तकात सहसा एका ओळीत येतं, पण मला वाटतं सगळ्या गोष्टीची किल्ली इथेच आहे.

सुधारणांची यादी मात्र थक्क करणारी आहे. १९२१ मध्ये मुलींची पहिली शाळा सुरू झाली, राणी सोरायाच्या पुढाकाराने. त्याच वर्षी बायकांसाठी पहिलं मासिक निघालं आणि त्याचं संपादन केलं सोरायाच्या आईने. १९२३ मध्ये राज्यघटना आली, गुलामगिरीवर कायद्याने बंदी आली, पुढे अफगाणी हे नवं चलन आलं. फ्रेंच आणि जर्मन शिक्षकांच्या शाळा निघाल्या. मुलगे शिकायला युरोपात गेले आणि १९२८ मध्ये मुलींची एक तुकडी तुर्कस्तानला गेली. हे सगळं त्या काळात, जेव्हा आपल्याकडेही मुलीला शाळेत घालणं ही मोठी गोष्ट होती.

आता आपल्या आवडीचा विषय, म्हणजे इंजिनिअरिंग. काबूलच्या नैर्ऋत्येला अमानुल्लाने नवी राजधानी वसवायला घेतली, दारुल अमान. टेकडीवर एक भव्य राजवाडा, युरोपियन धाटणीचा, जर्मन वास्तुविशारदांनी आखलेला. राजवाडा राहण्यासाठी नव्हता, तिथे पुढेमागे संसद भरावी अशी कल्पना होती. आणि जुन्या शहरातून तिथपर्यंत सुमारे सात किलोमीटरची छोटी रेल्वे! वाफेची इंजिनं जर्मनीतल्या हेन्शेल कंपनीची. राजाला यंत्रांचं वेडच होतं. १९२८ मध्ये तो बर्लिनला गेला तेव्हा तिथली भुयारी रेल्वे त्याने स्वतः चालवून पाहिली. तेव्हापासून त्या प्रकारच्या डब्यांना बर्लिनकर अमानुल्ला म्हणूनच ओळखू लागले.

पण यंत्र चालवणं आणि देश चालवणं यात फरक आहे. पहिला तडा १९२४ मध्ये गेला. खोस्त भागातल्या मंगल टोळीने बंड केलं. कारणं दोन-तीन होती. एक म्हणजे लग्न आणि कुटुंबाविषयीचे नवे कायदे. दुसरं म्हणजे सैन्यभरती. आधी आठ पुरुषांमागे एक जण टोळी स्वतः निवडून द्यायची, आता सरकार चिठ्ठी टाकून निवडणार होतं. म्हणजे टोळीच्या म्हाताऱ्यांचा अधिकार गेला. या बंडाचा पुढारी होता लंगडा मुल्ला म्हणून ओळखला जाणारा एक मौलवी. असं सांगतात की तो एका हातात कुराण आणि दुसऱ्या हातात सरकारी कायद्याचं पुस्तक धरून लोकांना निवड करायला सांगायचा. अशी निवड समोर ठेवली तर अक्षरओळख नसलेला शेतकरी काय करणार? करवाढीचा राग, भरतीचा राग, सगळा राग धर्माच्या एकाच भाषेत बोलू लागला. अतिरेकी विचार कसा वाढतो याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

ते बंड मोडायला अनेक महिने लागले. परदेशी वैमानिकांकरवी स्वतःच्याच लोकांवर विमानातून बॉम्ब टाकावे लागले. मुल्लाला मृत्युदंड झाला. विजयाची आठवण म्हणून काबूलमध्ये एक मिनार उभारला, त्याचं नाव ज्ञान आणि अज्ञानाचा मिनार. आता विचार करा, ज्या गावावर बॉम्ब पडले त्या गावाला राजधानीने अज्ञान असं नाव देऊन दगडात कोरून ठेवलं! हा अपमान कोण विसरेल?

दुसरीकडे मौलवींना शांत करण्यासाठी राजाने बऱ्याच सुधारणा मागे घेतल्या. आणि त्याच वर्षी काबूलमध्ये अहमदिया पंथाच्या एका प्रचारकाला धर्मद्रोही ठरवून दगडांनी ठेचून मारण्यात आलं. घटना देणाऱ्या राजाच्या राज्यात हे घडलं. अमानुल्लाला नुसता हिरो करून टाकणं सोपं आहे, पण हे पानही वाचायला हवं. अतिरेक्यांना थोडं दिलं की ते शांत होतात, हा हिशोब तेव्हाही चुकला आणि पुढेही चुकतच राहिला.

डिसेंबर १९२७ मध्ये राजा-राणी परदेश दौऱ्यावर निघाले. कराचीहून ते आपल्या मुंबईला आले आणि इथूनच बोटीने इजिप्तकडे गेले. मग इटली, फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी, इंग्लंड, पोलंड, रशिया, तुर्कस्तान, इराण. सहा-सात महिन्यांचा दौरा! युरोपात सोराया बुरख्याशिवाय वावरली, मेजवान्यांना गेली, तिचे फोटो छापून आले. तेच फोटो थोड्याच दिवसांत सरहद्दीवरच्या टोळ्यांमध्ये हातोहात फिरू लागले. त्यामागे इंग्रजांचा हात होता असं अनेक अफगाण आजही मानतात. हात कोणाचाही असो, एका बाईच्या उघड्या चेहऱ्याचं हत्यार झालं.

परत आल्यावर राजा जास्तच घाईत होता. १९२८ च्या उन्हाळ्याअखेर पगमानला लोया जिरगा, म्हणजे देशभरातल्या पुढाऱ्यांची मोठी सभा भरली. सुमारे हजार प्रतिनिधी. पागोटी घालणाऱ्या या माणसांना सभेसाठी काळे कोट, पँट आणि हॅट घालायला लावल्या. मुली आणि मुलांचं लग्नाचं वय वाढवणं, मुलींना शिक्षण, सरकारी नोकरांना एकच बायको असे प्रस्ताव आले. आठवड्याची सुट्टी शुक्रवारची गुरुवारी नेली. नंतर एका सभेत सोरायाने सगळ्यांसमोर चेहऱ्यावरचा पडदा काढला. यातली शाळा आणि लग्नाचं वय महत्त्वाचं होतं. हॅट आणि गुरुवार कशासाठी हो? पण लोकांच्या लक्षात राहिली ती हॅटच.

सिव्हिलवाल्यांना माहीत आहे, काँक्रीट ओतल्यावर क्युरिंगसाठी दिवस द्यावे लागतात. त्याआधी सेंटरिंग काढलं की स्लॅब खाली येतो. पण नुसत्या घाईला दोष देऊनही चालणार नाही. इथे खालचा आधारच काढून घेतला होता. राजवाडा, रेल्वे, दौरा यांवर खर्च होत होता आणि सैनिकाच्या पगाराकडे मात्र दुर्लक्ष झालं होतं. ज्या फौजेचा पगार वाढवून अमानुल्ला राजा झाला, तीच फौज आता उपाशी आणि नाराज होती.

नोव्हेंबर १९२८ मध्ये जलालाबादकडे शिनवारी टोळीने बंड केलं. फौज तिकडे गेली आणि उत्तरेकडून हबीबुल्ला कलकानी नावाचा एक बंडखोर काबूलवर चालून आला. बाप पाणक्या होता म्हणून लोक त्याला बच्चा-ए-सक्का म्हणत. अमानुल्लाने घाईघाईने जवळपास सगळ्या सुधारणा रद्द केल्या. उपयोग शून्य. १४ जानेवारी १९२९ रोजी गादी भावाला देऊन तो भर हिवाळ्यात मोटारीने कंदहारकडे निघाला. भावाचं राज्य टिकलं तीन दिवस. त्याच हिवाळ्यात इंग्रज विमानांनी काबूलमधून ५८६ लोकांना बर्फाचे डोंगर ओलांडून पेशावरला नेलं. जगातल्या सुरुवातीच्या मोठ्या विमान-सुटकांपैकी ही एक. काबूलच्या विमानतळावरून पळणारी माणसं आपण ऑगस्ट २०२१ मध्ये टीव्हीवर पाहिली, त्याची ही पहिली आवृत्ती.

कलकानीच्या नऊ महिन्यांत शाळा बंद पडल्या, लूटमार झाली, तुर्कस्तानला गेलेल्या मुलींना परत बोलावलं गेलं. अमानुल्लाने वसंतात परत येण्याचा एक प्रयत्न केला, पण यादवी वाढत चालली होती आणि मे १९२९ मध्ये तो सरहद्द ओलांडून हिंदुस्थानात आला. तिथून मुंबई. जूनमध्ये सोरायाने मुंबईत एका मुलीला जन्म दिला. ज्या देशाने आसरा दिला त्याचंच नाव तिला ठेवलं, इंडिया! मग हे कुटुंब इटलीला गेलं. अमानुल्ला पुढची तीस वर्षं परदेशातच राहिला आणि २५ एप्रिल १९६० रोजी झुरिकला वारला. देशाने त्याला परत घेतलं ते मेल्यावर. जलालाबादला वडिलांच्या शेजारी त्याला पुरलं. १९६८ मध्ये सोरायाही तिथेच आली. याच जलालाबादमध्ये १९८८ साली आपल्या बादशहा खानांना, म्हणजे सरहद्द गांधींना, दफन केलं गेलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. नंतरच्या राजांनी सावकाश पावलं टाकली, काबूल विद्यापीठ निघालं, पुढे तिथे मुली शिकू लागल्या. पण १९७८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता बळकावली आणि पुन्हा वरून हुकूम सुटले. खेड्यांनी पुन्हा बंड केलं. १९७९ च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत फौज आली आणि १९८९ पर्यंत राहिली. ५० लाखांहून जास्त माणसं घर सोडून पाकिस्तान आणि इराणमध्ये गेली. बाहेरच्या देशांनी बंदुका पुरवल्या, शाळा नाही. १९९२ नंतर मुजाहिदीन आपापसात लढले आणि काबूलचा मोठा भाग ढिगारा झाला. १९९६ मध्ये तालिबान आले, मुलींच्या शाळांना कुलूप लागलं. तेव्हा कितीतरी बायकांनी घराचं दार लावून आतल्या खोलीत चोरून वर्ग चालवले. २००१ मध्ये अमेरिका आली, शाळा उघडल्या, पण युद्ध आणि आत्मघाती हल्ले वीस वर्षं चालूच. १५ ऑगस्ट २०२१ रोजी, आपण झेंडावंदन करत होतो त्या दिवशी, तालिबान पुन्हा काबूलमध्ये शिरले. मुलींना सहावीच्या पुढे शाळा बंद झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठाचं दारही बंद झालं.

दारुल अमानचा राजवाडा या सगळ्याचा साक्षीदार. तो १९६९ मध्ये जळाला, दुरुस्त झाला, मग तिथे संरक्षण खातं आलं, मग नव्वदच्या दशकात रॉकेटांनी त्याची चाळण झाली. छपराचा सांगाडा उरला. २०१६ मध्ये अफगाण इंजिनिअर आणि कामगारांनी काम हाती घेतलं, त्यात तरुण मुली-इंजिनिअरही होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये स्वातंत्र्याच्या शंभराव्या वर्षी राजवाडा पुन्हा उभा राहिला. दोन वर्षांत तालिबान आले. राजवाडा उभा आहे, पण तो उभा करणाऱ्या मुलींच्या धाकट्या बहिणींना आज इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळू शकत नाही. आणि ती रेल्वे? अमानुल्ला गेला आणि तीही बंद पडली. तिची गंजलेली इंजिनं पुढे कित्येक वर्षं काबूलच्या संग्रहालयाच्या आवारात उभी होती.

या शंभर वर्षांत एक गोष्ट मात्र बदलली नाही. राजा असो, कम्युनिस्ट असो, मौलवी असो, प्रत्येकाने बाईच्या कपड्यांवर आणि शाळेवर आपला झेंडा लावला. तिला स्वतःला काय हवंय, हे विचारायला फारच थोडे थांबले. आणि प्रत्येक वेळी डोंगरातल्या गरीब माणसाने आधी कर दिला, मग मुलगा दिला, मग घर सोडलं.

पुण्यात आजवर कितीतरी अफगाण मुलंमुली शिकून गेली. २०२१ मध्ये त्यांच्यातल्या अनेकांना घरचा फोन लागत नव्हता, व्हिसा संपत होता आणि परत जायचं तर कुठे जायचं हे कळत नव्हतं. असं कोणी आपल्या कॅम्पसमध्ये भेटलं तर तालिबानबद्दल विचारून त्याला कंटाळा आणू नका. त्याला अमानुल्लाबद्दल विचारा, सोरायाबद्दल विचारा. आपल्या देशात बंदुकीआधी शाळा होती, हे दुसऱ्या कोणाला तरी माहीत आहे, एवढं कळलं तरी त्याला बरं वाटेल.

आणि उद्या सकाळी आठच्या लेक्चरला उठायचा कंटाळा आला, तर आठवा की काबूलमध्ये आपल्याच वयाची कोणीतरी मुलगी, मॅथ्समध्ये आपल्यापेक्षा कितीतरी हुशार, त्या लेक्चरसाठी काहीही द्यायला तयार आहे. तिला तिचा वर्ग परत मिळो, एवढीच प्रार्थना.